चालतं का?

“तुझ्या नवऱ्याला चालतं?”

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला सात जणांनी विचारला. मोजलेत मी. पाच नात्यातले, एक शेजारीण आणि एक ऑफिसातली. सातपैकी सहा बायका. आणि सातही जणांनी विचारताना आवाज सारखाच खाली आणला, कुणाच्या आजारपणाची चौकशी करताना आणतात तसा.

झालं असं, की डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आम्ही चार दिवस कोकणात गेलो होतो. मी, नवरा, आमची लेक आणि बरोबर दुसरं एक कुटुंब. तो, त्याची बायको, त्यांची दोन मुलं आणि त्याची आई. आता हा “तो” कोण, हे नात्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. एके काळी माझं त्याच्याशी लग्न व्हायचं होतं. म्हणजे आम्हा दोघांच्या मते व्हायचं होतं. १९९७ सालची गोष्ट. दोन्ही घरांनी नाही म्हटलं (का म्हटलं ते पुढे येईलच) आणि आम्ही ते ऐकलं. ऐकायला हवं होतं की नको, हा आजचा विषय नाही. खरं सांगायचं तर त्यात आता आम्हा दोघांनाही फारसा रस उरलेला नाही.

आजचा विषय हा, की सुट्टी छान झाली. निवांत झाली. आणि नेमकं तेच लोकांना पचत नाहीये.

आधी त्या “चालतं” कडे बघू. मराठीत हे क्रियापद आपण कुठे कुठे वापरतो? उपासाला रताळं चालतं का? सोवळ्यात हे चालतं का? घरमालकाला मांसाहार चालतो का? म्हणजे जिथे कुणाचा तरी नियम आहे, कुणाची तरी मालकी आहे, तिथे आपण “चालतं का” विचारतो. मग माझ्या बाबतीत मालक कोण? तर माझा नवरा. आणि गंमत अशी की त्या मालकाला स्वतःला कुणीच काही विचारलं नाही! त्याच्या पाठीवर थाप मारून “फार मोठ्या मनाचा बाबा तू” एवढंच सांगितलं गेलं. त्याला ते मुळीच आवडलं नाही. घरी येऊन म्हणाला, “अगं, मी काय दान दिलंय का कुणाला?”

त्या दुसऱ्या घरात काय झालं, तेही ऐका. त्याच्या बायकोला तिच्या मोठ्या जावेने विचारलं, “तुला कसं गं सहन होतं?” आणि त्याला? त्याला त्याच्या ऑफिसातले मित्र म्हणाले, “मजा आहे लेका तुझी!”

म्हणजे चार माणसं एकाच अंगणात बसून एकाच भांड्यातला चहा प्यायली. त्यातला एक मोठ्या मनाचा, एक सोशिक, एक मजा मारणारा. आणि चौथी, म्हणजे मी? माझ्यासाठी जो शब्द असेल तो माझ्या तोंडावर कुणी म्हटलेला नाही. पण आवाज खाली का जातो, ते कळण्याइतके केस पांढरे झालेत माझे.

असो. आता त्या चार दिवसांत आम्ही काय काय दिवे लावले ते एकदाचं सांगूनच टाकते, म्हणजे कल्पनाशक्तीला फार ताण नको.

आम्ही दापोलीजवळच्या मुरूडला उतरलो होतो. (जंजिऱ्याजवळचं मुरूड ते वेगळं, हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.) नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर, घरगुती जेवण, तीन खोल्या, आठ माणसं आणि गरम पाण्याचा बंब एक. ज्यांना वाटतं की अशा सुट्टीत जुन्या प्रेमाच्या ठिणग्या वगैरे उडतात, त्यांना माझं नम्र सांगणं आहे, की एका बंबावर आठ माणसांच्या आंघोळी उरकून बघा. प्रेमाच्या सगळ्या ठिणग्या त्या बंबाखालीच खर्च होतात. सकाळी साडेसातला टॉवेल खांद्यावर टाकून, डोळे चोळत, “अजून किती वेळ?” असं ओरडणारा माणूस कुणाचाही जुना प्रियकर असू शकत नाही. तो फक्त रांगेतला माणूस असतो.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर होड्यांतून उतरणाऱ्या टोपल्या आणि भाव पुकारणारे आवाज. माझ्या नवऱ्याला आणि त्याला, दोघांनाही आपल्याला मासे कळतात असा भ्रम आहे. दोघांनी मिळून सुरमई घेतली आणि ती महाग घेतली असं वाडीच्या मालकीणबाईंनी रात्री त्यांना सांगितलं. मग दोघं मिळून त्या कोळ्याच्या नावाने बोटं मोडत बसले. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो, काकू (त्याची आई) पायऱ्या कशा चढणार यावर दोन तास चर्चा झाली, आणि काकू आमच्या आधी वर पोचल्या. मुलांनी किल्ले केले वाळूत. खर्च निम्मा-निम्मा, तिथल्या तिथे मोबाईलवरून चुकता. भांडण एकच झालं, माझ्या लेकीचं आणि त्याच्या मुलाचं, खिडकीच्या जागेवरून.

झालं. एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग काहीच वाटलं नाही का गं? वाटलं की. असं कसं नाही वाटणार? कानाजवळचे त्याचे केस पांढरे झालेले बघून जरा चमकायला झालं. आणि रस्ता चुकला तरी गाडी थांबवून विचारायचं नाही, ही सवय पंचवीस वर्षांत जराही बदललेली नाही हे बघून फार बरं वाटलं, कारण मागच्या सीटवर त्याची बायको ज्या चेहऱ्याने बसली होती, त्या चेहऱ्याने बसायची पाळी माझ्यावर आली नाही! :) हे मी तिला तिथेच सांगितलं. ती इतकी हसली की काकूंनी काय झालं म्हणून तीनदा विचारलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आमच्या नात्यात गेल्या अनेक वर्षांत बरीच लग्नं जमली आणि त्याहून जास्त मोडली, म्हणजे बघण्याच्या पायरीवरच मोडली. माझ्या एका मामाने तीन मुली बघून नाकारल्या आणि चौथीने त्याला नाकारलं. त्या तिघींपैकी एक पुढे आमच्याच नात्यात सून म्हणून आली. आज मामा आणि ती प्रत्येक मुंजीत शेजारी बसून जिलब्या खातात. कुणाचा आवाज खाली जातो? कुणी मामीला विचारतं, “तुम्हाला चालतं का हो?” उलट भर पंगतीत त्यावर विनोद होतात, आणि मामीच सगळ्यांत मोठ्याने हसतात. म्हणजे लग्नाच्या विचाराने दोन माणसं समोरासमोर आली, ते जमलं नाही आणि पुढे आयुष्यभर त्यांचे संबंध चांगले राहिले, याची आपल्या समाजाला उत्तम सवय आहे. कांदेपोह्यांनी ती लावली आहे. मग माझ्या बाबतीत वेगळं काय?

वेगळं एवढंच की तिथे आई-वडिलांनी बघितलं होतं आणि इथे आम्ही आमचं बघितलं होतं. आक्षेप त्यावर आहे, कोकणातल्या सुट्टीवर नाही. आक्षेप सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जुना आहे, नुसता कपडे बदलून आलाय.

आपली भाषासुद्धा बघा. पुरुष किंवा बाई पूर्वी कुणावर प्रेम करत होती, पुढे ते लग्नापर्यंत गेलं नाही, आणि आज ती दोघं एकमेकांची बरी माणसं आहेत, या नात्याला मराठीत शब्द कुठला? “प्रकरण”? तो कचेरीतला शब्द, फायलीवर लिहितात. “भानगड”? ती निस्तरावी लागते. “लफडं”? त्याबद्दल बोलायलाच नको. जेवढे शब्द आहेत ते सगळे कोर्टातले नाहीतर चावडीवरचे. म्हणून हल्लीची मुलं “एक्स” म्हणून मोकळी होतात. मला तो शब्दही फारसा आवडत नाही, गणितातल्या अज्ञात राशीसारखा वाटतो. पण निदान त्यात शिवी नाही.

शब्द नसला की लोक जवळचा शब्द चिकटवतात. माझ्या एका चुलत सासूबाईंनी फार मायेने तोडगा सुचवला, “एवढं आहे तर या वर्षी राखी बांधून टाक त्याला. लोकांची तोंडं बंद होतील.” हेतू चांगला होता, मला मान्य आहे. पण अत्याबाई, मी ते करणार नाही. राखी ही काय तोंडं बंद करायची चिकटपट्टी आहे का? मला एक सख्खा भाऊ आहे आणि त्याला राखी बांधताना मी जे मनात धरते ते इथे खोटं ठरेल. जे होतं ते होतं. ते प्रेम होतं. ते आज तसं नाही. त्याला भावाचं नाव देऊन मी १९९७ साल खोटं पाडणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी सोडवला. मला काय हाक मारायची यावर मोठी माणसं गाडीत अडखळत होती. “काकू म्हण”, “आत्या म्हण”, असं चाललं होतं. (“आत्या” म्हणणाऱ्यांचा डाव माझ्या लक्षात आला होता, ती राखीचीच मागची गल्ली.) मुलगा म्हणाला, “मावशी!” का, तर आई हिच्याशी जास्त बोलते. विषय संपला. म्हणजे मी त्याच्या बापाची कुणी नाही, त्याच्या आईची बहीण. आणि खरोखरच आज तसंच आहे. मोठ्यांना हिशेब मागचा लागतो, मुलांना समोर दिसतं ते पुरतं.

बरं, हा सगळा दोष एकट्या नातेवाईकांवर टाकत नाही. आपल्याला लहानपणापासून दाखवलंय तरी काय? “देवदास” घ्या. शरदबाबूंची कादंबरी १९१७ ची, आणि सिनेमे किती तरी, १९३५, १९५५, २००२. गोष्ट काय, तर जुन्या प्रेमाने पारोच्या सासरच्या दारात येऊन मरायचं, आणि तिला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. “सिलसिला” (१९८१) मध्ये जुनं प्रेम परत आलं की दोन्ही संसार पणाला लागतात. “इजाजत” (१९८७) मला फार आवडतो, पण तिथेसुद्धा दोघं भेटतात ती स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये, पावसाळी रात्री, एकटी. आणि सकाळी नवरा न्यायला येतो तो शशी कपूर. “कभी कभी” (१९७६) मध्येही लग्नाआधी दुसऱ्यावर प्रेम असलेल्या बाईचा नवरा शशी कपूरच! हिंदी सिनेमात असला नवरा लागला की त्यालाच बोलवायचे की काय कोण जाणे. :)

पण मला सांगा, या सगळ्यांत असा एक तरी प्रसंग आहे का, की ती चौघं आणि त्यांची पोरं एका घरात राहिली आहेत, कुणाच्या तरी घोरण्याबद्दल तक्रार चालली आहे आणि सोलकढी उरली म्हणून कुणीतरी ती संपवतंय? नाही. कारण त्यात नाट्य नाही. आणि नाट्य नसलं की आपला विश्वासच बसत नाही. जुनं प्रेम म्हणजे एक तर राख, नाहीतर निखारा. तिसरं काही आपल्याला माहीत नाही. आयुष्यात मात्र बहुतेक गोष्टी तिसऱ्याच असतात.

आता ज्यांचा विरोध प्रामाणिक आहे त्यांच्याशी बोलते, कारण असे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. माझी मैत्रीण म्हणाली, “तुझं जमलं, सगळ्यांचं जमत नाही. उगाच आगीशी खेळ कशाला?” बरोबर आहे. मी कुठे म्हणतेय की प्रत्येकाने आपली जुनी प्रेमं शोधून काढावीत आणि मिनीबस ठरवावी? जिथे मारहाण होती, फसवणूक होती, तिथे तोंड न बघणं हेच शहाणपण. जिथे दोघांपैकी एकाच्याही मनात अजून ओल आहे, तिथे नको. आणि चौघांपैकी एकालाही पोटात खड्डा पडत असेल तर मुळीच नको. आमचं तसंच झालं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनामुळे २०१६ मध्ये परत ओळख झाली. माझा नवरा आणि तो, दोघांनाही जुन्या लॅम्ब्रेटा स्कूटरी दुरुस्त करायचा नाद, त्यावरून त्यांचं माझ्याहून जास्त जमलं. दोन वर्षांपूर्वी अशीच सहल ठरत होती. त्याची बायको म्हणाली, “मला अजून नीट वाटत नाहीये.” सहल रद्द. कुणी तिला समजवायला गेलं नाही, कुणी रुसलं नाही. या वेळी तिनेच फोन केला, “ताई, मुरूडला खोल्या मिळताहेत, घेऊ का?”

हे “चालतं का” विचारणंच होतं, असं तुम्ही म्हणाल. नाही. आम्ही चौघांनी एकमेकांना विचारलं, बरोबरीने. तुम्ही विचारता ते माझ्या मालकाबद्दल.

आता ते “का” सांगते, जे वर राहिलं होतं. १९९७ मध्ये नकार आला तो जातीवरून. पत्रिका नंतर काढली, शोभेला. आधी जात. मी एकदाच त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा दिला. चांगला दिला, आलं घालून. पण सगळ्यांचे कप एकसारखे आणि माझा वेगळा. तो कप चहा झाल्यावर आत गेला नाही, मोरीजवळ राहिला. मी बघितलं, त्याने बघितलं, काकूंनी आम्ही बघितलेलं बघितलं. आमच्याकडेही काही सगळे संत नव्हते. “आपल्याला तिथे मान मिळणार नाही” हे कारण पुढे केलं गेलं, आणि त्यापाठोपाठ “आपल्यातलीच मुलं काय कमी आहेत?” हेही. कायदा आमच्या बाजूने होता, १९५४ चा विशेष विवाह कायदा आमच्या जन्माआधीपासून होता. पण घर म्हणजे कायदा नव्हे.

आता मुरूड, तिसरा दिवस. वाडीच्या मालकीणबाईंना बाजारात जायचं होतं, म्हणून सकाळचे घावणे मी घातले. काकूंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चार खाल्ले. मग ताटली पुढे केली आणि म्हणाल्या, “अजून एक घाल गं. जरा पातळ घाल.” मी घातला. त्या काही बोलल्या नाहीत, मी काही बोलले नाही. तो पलीकडे मुलीच्या वेण्या घालायचा प्रयत्न करत होता, त्याने ऐकलं असावं, कारण वेणी सोडून दोन मिनिटं तसाच बसला.

आता मला माझ्या नातलगांना एवढंच विचारायचं आहे. यातली लाजिरवाणी गोष्ट कुठली? तो कप की हा घावन? कारण कपाच्या वेळी कुणाचाही आवाज खाली गेला नव्हता. “रीतच आहे त्यांची” असं चारचौघांत खणखणीत सांगितलं गेलं होतं. आवाज खाली गेला तो आता, घावनाच्या वेळी!

आणि हे सगळं मुरूडलाच घडावं हाही योगच. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. गुन्हा एवढाच. त्यांच्या याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, घरच्यांनाही त्याची झळ लागली. १९५८ साली त्याच माणसाला भारतरत्न मिळालं, आणि आज गाव त्यांचं नाव अभिमानाने सांगतं. माझी तुलना कर्व्यांशी करायला मी काही वेडी नाही. त्यांनी सबंध आयुष्य पणाला लावलं, मी चार दिवस सुरमई खाऊन आले. पण वाळीत टाकणाऱ्यांचं वाक्य मात्र तेव्हा आणि आता एकच आहे, “लोक काय म्हणतील?” आणि ते लोक कोण, हे तेव्हाही कुणी सांगत नव्हतं, आताही सांगत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. दुर्दैवाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकल्यावर जी शांतता पसरते, तिला तो लागू होत नाही.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. नेतच होते. सात जणांना सात वेळा “हो, चालतं” सांगून मोकळी झाले होते. मग हे कशाला लिहितेय?

कारण आठव्या वेळी प्रश्न मला विचारला गेला नाही. माझ्या लेकीला विचारला गेला.

एका घरगुती समारंभात तिला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, “तू आता मोठी झालीस. आईला जरा समजाव. उद्या तुझं स्थळ बघायचं म्हटलं तर लोक चौकशा करतात.” ती एकोणीस वर्षांची आहे. तिथे ती काहीच बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत आली, बराच वेळ उगाच कपाट आवरत राहिली आणि मग म्हणाली, “आई, ते लपवायचं होतं का? मी स्टेटसला फोटो टाकले होते सगळे. सॉरी.”

सॉरी! माझी पोर मला सॉरी म्हणाली, आणि कशाबद्दल? आठ माणसं वाळूत बसून भेळ खाताहेत, त्या फोटोबद्दल.

हिला आम्ही दोघांनी ती दहावीत असतानाच सांगितलं होतं, की आईला लग्नाआधी हा काका आवडायचा. तिने “ईSSS!” केलं होतं आणि पुढच्याच मिनिटाला जेवायला काय आहे विचारलं होतं. एवढंच ते तिच्यासाठी होतं. आमच्या घरात काही लपवायचं नसतं, ही गोष्ट तिच्या अंगात मुरायला एवढी वर्षं लागली आणि तुम्ही ती पाच मिनिटांत उसवलीत. उद्या तिला कुणी आवडलं तर ती मला येऊन सांगेल की नाही, कुणी तिला त्रास दिला तर सांगेल की नाही, हे आता मला रात्री जागून विचारात घ्यावं लागतंय. तिचं स्थळ वाचवायला निघालेल्यांनी याचा विचार केला होता का? आणि माझ्या सुट्टीवरून जे घर माझ्या मुलीला नाकारणार असेल, त्या घरात तिने जाऊ नये हे आत्ताच कळलं तर उत्तमच की! ते स्थळ हातचं गेलं म्हणून मी पेढे वाटीन.

काही जण म्हणतील, कुटुंबातली गोष्ट अशी उघडी कशाला लिहायची? तर खाली आणलेल्या आवाजाला उत्तर खालच्या आवाजात दिलं की तीही कुजबुजच होते. म्हणून मोठ्याने लिहिते आहे. संसार मोडतात ते सांगितलेल्या गोष्टींनी मोडताना मी फारसे पाहिले नाहीत. आमच्याच नात्यातली एक आजी साठ वर्षं एक जुनं पत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवून जगली, आणि ती गेल्यावर ते पत्र सापडलं तेव्हा आजोबा जे बसले ते पुन्हा नीट बोललेच नाहीत. पत्रात काही नव्हतं हो. ख्यालीखुशाली होती. पण साठ वर्षं लपवलेली ख्यालीखुशाली ही साधी राहत नाही. आम्हाला तशी ट्रंक नकोय घरात.

माझ्या नवऱ्याला मी हे लिहिण्याआधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, सुरमई महाग नव्हती, तेवढं दुरुस्त कर. केलेलं नाही.

तर मंडळी, तुमचं मत वेगळं असू शकतं. जरूर सांगा, वाद घाला, मला आवडेल. मे महिन्यात परत जायचं चाललंय, या वेळी गुहागरला, बंब दोन असलेल्या घरात. प्रश्न असतील तर मला विचारा. नवऱ्याला विचारा, त्याच्या बायकोला विचारा, आम्ही चौघंही पन्नाशीच्या आसपासची माणसं आहोत, उत्तरं देऊ.

माझ्या लेकीला मात्र परत बाजूला घ्यायचं नाही. ते आम्हाला चालत नाही.